इमितोस: माथा गाठायचा बेत असेल तर आधी हे वाचा

मधासाठी आणि संगमरवरासाठी प्राचीन काळापासून नावाजलेला इमितोस डोंगर ग्रीसची राजधानी अथेन्सला अगदी खेटून आहे. उंची १०२६ मीटर. "केसारियानीच्या मठापासून सरळ वर गेलात की माथा," असं आम्हाला भेटेल त्यानं सांगितलं. पण माथ्यावर जाताच येत नाही! वर लष्कराची हद्द आणि प्रक्षेपणाचे मनोरे आहेत. तारेच्या कुंपणाशी वाट खुंटते. घाम गाळून वर गेल्यावर हे कळणं फार जिव्हारी लागतं, म्हणून आधीच सांगतो.

२२४ नंबरच्या बसनं केसारियानी या पायथ्याच्या उपनगरात उतरायचं, तिथून डांबरी रस्त्यानं मठापर्यंत चालायचं. पाइनची सावली आहे, काही त्रास नाही.

खरी परीक्षा मठ आणि धार यांच्यामधल्या चढणीची. झाडी संपते आणि सुट्या दगडांचा घसारा सुरू होतो. आपल्याकडच्या मुरमाच्या घसाऱ्याची सवय इथे कामाची नाही. हे दगड धारदार, वरच्यावर ठेवल्यासारखे. पाऊल टाकलं की अख्खा थर सरकतो. आधाराला हात घालावा तर काटेरी झुडपं. मधूनच रानथाइम या सुगंधी वनस्पतीचं झुडूप मुठीत येतं आणि तळहाताला संध्याकाळपर्यंत वास राहतो, तेवढंच सुख. सावली नाही, पाणी नाही. घोट्यापर्यंतचे बूट आणि माणशी तीन लिटर पाणी शहरातूनच घ्या. उतरताना ही वाट टाळा, धारेवरून खाली येणारा डांबरी रस्ता धरा. लांब पडतो, पण गुडघे वाचतात.

धारेवर मात्र सगळा राग निवला. पश्चिमेला अक्रोपोलिससकट अख्खं अथेन्स, पिरेयस बंदर आणि समुद्र. पूर्वेला विमानतळाच्या धावपट्ट्या. एवढ्यासाठी मी उद्या पुन्हा चढेन.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये जा. ऐन उन्हाळ्यात नकोच. वणव्याचा धोका जास्त असेल त्या दिवशी डोंगर बंद ठेवतात. ग्रीसचं नागरी संरक्षण खातं उन्हाळ्यात रोज दुसऱ्या दिवसाचा, १ ते ५ पातळ्यांचा धोक्याचा नकाशा काढतं. तो आदल्या दिवशी बघा. ४ किंवा ५ असेल तर बेत रद्द.

आणि मध. पायथ्याशी एकानं "अस्सल इमितोसचा" म्हणून आम्हाला बरणी विकली. तेवढ्याच वजनाचा थाइमच्या फुलांचा मध शहरातल्या सुपरमार्केटात जवळपास निम्म्या दरात होता. बरणीवर उत्पादकाचं नाव आणि उगम ग्रीस असं छापलेलं नसेल, तर डोंगराच्या नावाचे जादा पैसे देऊ नका.