चहात बुडवलेलं धोतर

गेल्या येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आधीची गोष्ट. माय ओट्यावर हरिपाठ वाचत बसली होती आणि चष्मा आत कोनाड्यात. विचारलं तर म्हणाली, "बिनचष्म्याचं दिसूलालंय मला. डोळा सुधारला बघ." घरात सगळे खूश. मीही.

त्याच आठवड्यात वरण खाताना दादांच्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या दिवशी परत. तूर निवडण्यात गल्लीत मायचा हात कुणी धरत नव्हतं, म्हणून मला खटकलं. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. रात्री गाडीच्या दिव्याला झिपऱ्या फुटलेल्या दिसायच्या, उन्हात डोळे दिपायचे. वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला होता. चष्मावाल्यानं पैसे घेतले, काच बदलली, बाकी काही नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जवळचं बिनचष्म्याचं दिसणं हीच मोतीबिंदूची खूण. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट आणि पिवळा होतो, प्रकाश जास्त वळवतो, त्यामुळं काही दिवस पोथी वाचता येते. पुढं तेही जातं. भिंग असतं पाण्याचं आणि प्रथिनांचं. वयानुसार प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि काच धुरकट. मायला 12 वर्षांची साखर, तिनं घाई केली. वर्षानुवर्षं घेतलेली स्टेरॉइडं, विडी-सिगारेट, डोळ्याला लागलेला मार, हीपण कारणं. गंमत म्हणजे 'लेन्स' हा शब्दच मसुरीच्या लॅटिन नावावरून आलाय, आकार तसाच म्हणून. आमच्याकडं डाळीनंच रोग पकडला.

मग सल्ले सुरू. कुणी मध घाला म्हणालं, कुणी कांद्याचा रस. कुठल्याच थेंबानं मोतीबिंदू विरघळत नाही. असल्या प्रयोगात बुबुळाला जखम झाली तर फूल, म्हणजे पांढरा डाग, मात्र पडतं. "पिकू द्या, मग काढा" हे मावशीचं म्हणणं. तेही जुन्या काळचं. फार पिकला की भिंग दगडासारखं होतं आणि काढणं अवघड जातं. दादांनी "लहाने साहेब आपल्याच जिल्ह्यातले" एवढ्या आधारावर ऑपरेशनला होकार दिला, जणू डोळ्यांचे नावाजलेले डॉक्टर तात्याराव लहाने स्वतःच करणार होते!

आधी साखर आटोक्यात आणायला लागली. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजून नव्या भिंगाचा नंबर काढला. डोळा थेंबांनी बधिर केला. 3 मिलिमीटरहून लहान छेद, आत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ओढून घेतला आणि घडी घातलेलं भिंग जुन्याच पिशवीत उलगडलं. टाका नाही. संध्याकाळी घरी. थेंबांचं वेळापत्रक मी भिंतीवर चिकटवलं. डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढं बसणं नाही, हे पाळताना ती चिडचिड करायची.

आठ दिवसांनी अंगणात बसून ती एकेक डोळा हातानं झाकून दोरीवरच्या धोतराकडं बघत होती. "ह्या डोळ्यानं नीळ दिल्यागत दिसतंय. त्या डोळ्यानं चहात बुडवल्यागत." परत झाकलं, परत बघितलं. "दुसऱ्याचं कधी करायचं रे?"

मग सूप मागवलं. बायकोनं आदल्या दिवशी निवडून ठेवलेल्या डाळीत तिला चार खडे सापडले.