गेतारिया: बास्क किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव

उत्तर स्पेनमधल्या सान सेबास्तियन शहराच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर गेतारिया आहे. गावात रेल्वे जात नाही. सान सेबास्तियनहून थेट बस मिळते, पण आम्ही मे महिन्यात साराउत्सपर्यंत आगगाडीने जाऊन पुढचे चारेक किलोमीटर समुद्रालगतच्या पदपथाने चाललो. पाय धड असतील तर हाच मार्ग घ्यावा, कारण वळणावर उंदराच्या आकाराची सान अंतोनची टेकडी दिसू लागते आणि तिच्या आडोशाला बंदर का वसले असेल, हे नकाशाशिवाय कळते.

गावात शिरताच पहिले पृथ्वीप्रदक्षिणेचे जहाज १५२२ साली परत आणणाऱ्या एल्कानो या दर्यावर्दीचा पुतळा भेटतो; एल्कानो मूळचा इथलाच. मुख्य गल्ली सान साल्वादोर चर्चपाशी संपते. चर्चची जमीन चक्क चढणीची आहे आणि वेदीच्या भागाखालून एक बोळ थेट धक्क्याकडे उतरतो. मला सगळ्या गावात हीच जागा सर्वांत आवडली.

वसंतात येथे अँकोव्ही या छोट्या माशांचा हंगाम असतो. आपली मांदेली याच कुळातली असल्यामुळे पेट्यांमधली ती चंदेरी रास परकी वाटली नाही. हे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवतात, मग हाताने साफ करून तेलात भरतात. दुपारी मात्र रोदाबायो खावा. लेपासारखा चपटा, पण कितीतरी मोठा आणि जाड असा हा मासा उपाहारगृहांबाहेरच्या जाळीवर निखाऱ्यांवर अख्खा भाजतात. तो वजनावर विकला जातो, म्हणून भाजायला टाकण्यापूर्वीच किंमत विचारावी; एक मासा दोघातिघांना सहज पुरतो. जेवण दुपारी दीड ते साडेतीन या वेळेतच मिळते आणि शनिवार-रविवारी आधी जागा राखून ठेवणे बरे. शाकाहारी मंडळींना बटाट्याचे ऑम्लेट आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या मिळतील, मात्र ऑम्लेटमध्ये अंडे असते. आसपासच्या उतारांवरच्या द्राक्षांची चाकोली ही आंबटसर पांढरी वाइन माशाबरोबर पितात.

वस्त्रकलेची आवड असल्यास १८९५ साली येथेच जन्मलेल्या बालेन्सियागा या फॅशन डिझायनरच्या संग्रहालयाला किमान दोन तास द्यावेत. या किनाऱ्यावर पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे मे-जूनमध्येही रेनकोट जवळ असावा. अँकोव्हीच्या बरण्या शेवटच्या दिवशी घ्याव्यात, कारण खारवलेल्या असल्या तरी त्या थंड जागी ठेवाव्या लागतात, आणि त्यात तेल असल्याने विमानात त्या हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत भराव्यात.