तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बी.कॉम. करून काय होतंय?

"अक्का, पोरीनं नुसतं बी.कॉम. करून काय होतंय?" खानापूरकडं आमच्या गावी गेले की जत्रेत, बारशाला कुणीतरी हे विचारतंच. विचारते ती आई. पीयूसी म्हणजे बारावी झालेली मुलगी बाजूला गप्प उभी असते, पण कान माझ्याकडंच असतात. आजवर मी गडबडीत "करू दे की" म्हणून पुढं गेले. आता नीट सांगते.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले. बेळगावात बी.कॉम.ला गेले तर सगळं इंग्रजीत. अकाउंट्सचे आकडे समजायचे, कंपनी कायद्याचं एक पान वाचायला संध्याकाळ जायची. शेवटच्या वर्षी कॉस्टिंगचा पेपर गेला. त्याच सुमारास मामाचा मुलगा आयटीआयचा टर्नर होऊन बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, लागला होता आणि घरी पगार आणत होता. घरचे मला म्हणाले, बस झालं आता. वडील एकटेच म्हणाले, एवढं केलंस, तेवढा एक पेपर काढ. काढला. 2008 साली धारवाडच्या विद्यापीठाचं सर्टिफिकेट हातात आलं. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झालं, त्याआधी आपली कॉलेजं धारवाडलाच जोडलेली होती.

त्या एका पेपरचं मोल मला नंतर कळलं. माझ्याबरोबरची एक मुलगी हिशेबाला माझ्यापेक्षा हुशार होती. तिचे दोन विषय राहिले, लग्न ठरलं, ते तसेच राहिले. आज ती दुकानात बिलं करते आणि फार चोख करते. पण बँकेची जाहिरात आली की तिला अर्जच भरता येत नाही. क्लार्कला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय 20 ते 28, पण पदवी पूर्ण लागते. दोन विषय राहिलेल्या माणसाला ते फॉर्म बारावी पास समजतात. तीन वर्षांचे कष्ट कागदावर दिसतच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, आणि आपल्या भागात अशी मुलं-मुली घरटी एक तरी सापडतील.

मला पहिलं काम उद्यमबागेत एका मशीन शॉपच्या ऑफिसात लागलं. मालकांनी बी.कॉम. झालंय का एवढंच विचारलं, मार्क पाहिलेच नाहीत. डिग्रीनं दार उघडलं ते तेवढंच. आत टिकले ती दुसऱ्या गोष्टीवर. फौंड्रीतून कास्टिंग म्हणजे ओतलेले सुटे भाग यायचे, बाहेर मशिनिंगला जायचे, प्रत्येक फेरीला मालाचं चलन करायचं. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचं, टॅक्स ऑफिसची नोटीस कन्नडमध्ये. कॉलेजात मैत्रिणींबरोबर डबा खाताना शिकलेलं कन्नड तिथं कामाला आलं. जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा ऑफिसात सगळे धास्तावले होते. मी रात्री बसून शिकले, कारण क्रेडिट म्हणजे काय हे मला कॉलेजातच कळलं होतं. आता महिन्याची 11 आणि 20 तारीख, जीएसटीची दोन्ही रिटर्नं माझ्याच हातून जातात.

म्हणून मुलांना मी कन्नड टाळू नका म्हणते. बँकेच्या क्लार्कला त्या राज्याची भाषा यावी लागते. कर्नाटकातून अर्ज केला तर कन्नड, महाराष्ट्रातून केला तर मराठी. दोन्ही लिहिता-वाचता येणारी मुलं सीमेवर आहेत, तशी पुण्यात किती मिळतील?

सगळ्यांनी बी.कॉम.च करावं असं मात्र मी म्हणत नाही. हाताला काम आवडणाऱ्या मुलाला आयटीआय बरं, मामाच्या मुलानं माझ्याआधी घर बांधलं. आणि ज्याला पुढं सीए करायचंय त्याला पदवीला 55 टक्के पडले तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला बसता येतं. हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत असतं.

खर्चाचं म्हणाल तर, आमच्या वेळी बसच्या पासासाठी घरात बोलणी व्हायची. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुलींना सरकारी बस फुकट आहे. पदवी झाल्यावर सहा महिने काम नाही लागलं तर सरकारच्याच युवानिधी योजनेचे महिन्याला 3000 मिळतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. त्या पैशावर बसून राहू नका. त्यातून कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायचं टॅली शिका, परीक्षांची फी भरा.

मी रविवारी बहुतेक गावीच असते. कुणाच्या पोरीचा पेपर राहिला असेल, कॉस्टिंगचा असेल तर नक्कीच, सकाळी दहानंतर पाठवून द्या. येताना जुनी प्रश्नपत्रिका आणायला सांगा.