दाखला, दोन तास आणि सातबारा

लेकरांना घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी वेळापत्रक भिंतीवर चढतं. त्याआधी कागद बघा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जन्मदाखला आणि आधार या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळते का? पुढे दहावीला १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरायचा झाला तर शाळेचा दाखला लागतोच. जे लेकरू शाळेत कधी गेलंच नाही, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट सोपी पडते. तिथे १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीची नोंदणी होते, विषय निदान पाच, त्यातली एक तरी भाषा. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, म्हणून एकेक विषय सुटा करून देता येतो. आणि मन बदललंच तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार १४ वर्षांपर्यंत वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. परतीची वाट बंद होत नाही, हे आजी-आजोबांना आधीच सांगा. घरातला निम्मा विरोध तिथेच मावळतो.

आता वेळ. शाळेचे सहा तास वर्गभर लेकरांत वाटले जातात. समोर एकटं लेकरू असेल तर आठव्या वर्षापर्यंत दीड तास, पुढे दोन-अडीच तास भरपूर झाले. आठ तासिका लावल्या की दुसऱ्या आठवड्यात लेकरू वहीला वैतागतं आणि आई-बाप एकमेकांवर. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सकाळी सात ते नऊ हीच वेळ धरा. पत्रे तापल्यावर डोकं चालत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती आधीच उतरवून ठेवा, लाइट गेली तरी अडत नाही.

गणित वावरात सगळ्यात चांगलं शिकवता येतं. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. दोरी घेऊन लेकरांना तो आखू द्या. मग सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं: ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, जवळपास ८० गुंठे, म्हणजे दोन एकर. दशांश चिन्ह कशाला असतं हे इथे एका बैठकीत उमगतं. पावसाळ्यात तसंच पाण्याचं: एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पडला तर २०० लिटर, एक बॅरल. दुष्काळ बघितलेल्या लेकराला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इतिहासासाठी आपल्या मराठवाड्यातच छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. जाण्याआधी तीन प्रश्न लिहून न्या, आल्यावर उत्तरं लिहून घ्या. नाहीतर ती नुसती सहल होते.

सगळ्यात जास्त मागे पडतं ते लेखन. तोंडी सगळं येतं, पण सलग तीन तास लिहायची हाताला सवय नसते. बाराव्या वर्षापासून रोज वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक तास. प्रत्येक पानावर तारीख टाका आणि वह्या रद्दीत देऊ नका. परत शाळेत घालायचं झालं तर लेकराला काय येतं ते याच वह्यांवरून दाखवता येतं.