तिसऱ्या गिअरची खरखर

आज आर्वीहून वर्ध्याला जाताना, इंजिन चांगले तापलेले आणि फेऱ्या चढलेल्या असताना दुसऱ्यातून तिसरा गिअर घाईने टाकला, की गिअरबॉक्समधून खर्रकन आवाज येई आणि दांड्यावरच्या तळव्याला झिणझिण्या जाणवत; सावकाश टाकला तर तोच गिअर अलगद पडे. मिस्त्रीभाऊंनी क्लचप्लेट बदलायला सांगितली, पण मला ते पटले नाही. क्लच पूर्ण सुटत नसता तर उभ्या गाडीत रिव्हर्स टाकतानाही खरखर झाली असती, कारण अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो. एकच गिअर ओरडतो तेव्हा संशय त्याच्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगवर जातो. ही रिंग घर्षणाने गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवते. ती झिजली, की वेग जुळण्याआधीच दाते एकमेकांवर घासतात, आणि ताकदवान गाडीत झपाट्याने गिअर बदलणाऱ्याला ते आधी कळते.

संध्याकाळी ऑइल काढले, तेव्हा चुंबकाला न चिकटणारी सोनेरी कणी बोटाला लागली. ते पितळच होते. आता गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. तोवर तिसरा गिअर दोनदा क्लच दाबून, सवडीने टाकणार आहे. नवे ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घालीन, कारण जीएल-५ या दर्जाच्या काही गिअर ऑइलांतील गंधकयुक्त रसायने पितळाला मारक ठरतात.