माळाचा कडबा, काळ्या रानाचा कडबा: जारची नोंद

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात यंदा मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच गेली. वरच्या माळाला, वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या तुकड्यात, तीच मालदांडी कमरेशी थांबली. बी एकच, पेरणीत दोन दिवसांचं अंतर. पाऊस उघडल्यावर काळ्या रानाने ओल धरली, माळाने सोडली. माळाची कणसं निम्मी पोचट. म्हटलं, गोबरगॅसला दोन्ही कडबे सारखेच का, बघू.

20 लिटरचे तीन जार, प्रत्येकात चालू गोबरगॅस टाकीतली 12 लिटर स्लरी, म्हणजे शेणाचा काला. पहिल्यात नुसती स्लरीच. दुसऱ्यात माळाचा, तिसऱ्यात काळ्या रानाचा कडबा, कुट्टी करून 300-300 ग्रॅम. मागच्या वेळी दमट कडबा तोलून तीन आठवडे फुकट घालवले होते, म्हणून आता पत्र्यावर चार दिवस कडक वाळवला आणि मगच काट्यावर ठेवला. गॅस पाण्यात पालथ्या घातलेल्या डब्यात, नोंद रोज सकाळी सातला. दुपारी मोजलं की उन्हाने फुगलेला गॅस मोजला जातो.

दिवस 3: माळाचा जार सुसाट. काडी लावली तर विझली. बराचसा कार्बन डायऑक्साइडच. पीएच पट्टी 6.5 च्या खाली, म्हणजे आंबट. दाणा भरला नाही की साखर धाटातच राहते आणि आधी तीच आंबते. घाबरून चिमूटभर चुना टाकला. बहुधा गरज नव्हती.

दिवस 7: निळी ज्योत, म्हणजे जळणारा मिथेन आला.

दिवस 24, एकूण गॅस: नुसती स्लरी 11 लिटर, माळ 47, काळं रान 36. स्लरीचे 11 वजा केले की माळ 36 विरुद्ध काळं रान 25.

चिमटीत धाट धरून बघा. माळाचं चेपतं, काळ्या रानाचं कटकन मोडतं. उंच धाटाला कणसाचं ओझं पेलायला लिग्निन, म्हणजे धाट कडक करणारा घटक, लागतं. ते बंद टाकीत जवळजवळ कुजतच नाही, वर सेल्युलोजही, म्हणजे धाटातला कुजून गॅस देणारा तंतुमय भाग, जंतूंच्या हाती लागू देत नाही. शिवाय माळाच्या पेंढीत धाटापेक्षा पानच जास्त.

पण हुरळू नका. माळाने पेंढ्याच निम्म्याहून कमी दिल्या, एकरी हिशोबात काळं रानच पुढे. आणि चांगला कडबा टाकीत घालायला कुणाला परवडतो? टाकीच्या वाट्याला येतात गव्हाणीत उरलेले बुडखे. म्हशीच्या पोटातही कुजवणारे जंतूच असतात. पानं, शेंडे तिने आधीच उडवलेले, तिला नको ते टाकीलाही जड.

म्हणून चौथा जार लावलाय: काळ्या रानाचे बुडखे, नत्रासाठी दोन दिवस गोमूत्रात भिजवून. गोमूत्र घातलेली नुसती स्लरी तुलनेला ठेवायला जार उरला नाही, ही चूक आधीच कबूल. बुडखे वर तरंगून बोटभर थर धरतात, रोज जार हलवावा लागतो. पाच दिवसांत जेमतेम दीड लिटर, त्यातलाही बराच स्लरीचाच असणार.