कच्च्या कडेला शिक्का मिळेपर्यंत

फॅशन डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाचे माझे सहा पोशाखांचे कलेक्शन ज्युरीने पाहिले आणि मी उत्तीर्णही झाले. तरीही त्या वर्षातली सर्वांत स्पष्ट आठवण म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या तांत्रिक तपासणी कक्षाची खिडकी, जी दुपारी तीन ते चार एवढाच वेळ उघडी असे.

माझे आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्या दिवसाविषयी आजोबा एवढेच सांगत, की साच्यावर कापड अर्धे विणलेले तसेच राहिले. ते अर्धे कापड हीच माझी थीम होती. त्याच 1982 मध्ये जपानच्या फॅशन डिझायनर रेई कावाकुबो यांनी भोके पडलेले काळे स्वेटर पॅरिसमध्ये दाखवले होते आणि ती भोके विणकामाच्या यंत्राचे स्क्रू सैल करून मिळवली होती, हे वाचल्यावर माझा विषय एका संध्याकाळीत पक्का झाला. बोहारणीकडून पुरुषांचे जुने शर्ट घेतले, मंगलदास मार्केटमधून मांजरपाट आणले, शर्ट उसवून त्यांच्या बाह्या, कॉलर आणि पाठी डमीवर नव्याने मांडल्या. बकरम, म्हणजे कॉलरच्या आतले ताठ कापड, बाहेरून दिसेल अशी कॉलर उलटी लावली. हे सारे काम तीन आठवड्यांत विनासायास झाले.

अडले ते तपासणीच्या तक्त्यावर. ज्युरीपुढे जाण्याआधी प्रत्येक पोशाखाला त्या कक्षाचा शिक्का लागतो आणि तक्त्यात ‘कच्ची कड’, ‘सुटा धागा’, ‘उघडी शिवण’ हे तिन्ही दोष म्हणून छापलेले आहेत. माझ्या सहाही पोशाखांत हे तिन्ही मुद्दाम केलेले होते. खिडकीतल्या गृहस्थांनी पहिला पोशाख उलटून पाहिला, लाल पेनाने तीन खुणा केल्या आणि “हे ओव्हरलॉक करून आणा,” म्हणजे कडा मशीनवर धाग्याने बांधून आणा, असे म्हणून पुढच्या मुलीला बोलावले. दुसऱ्या दिवशी मी थीमचा फलक घेऊन गेले, तर तक्त्यात थीमसाठी रकाना नाही असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा मार्गदर्शक बाईंचे पत्र मागण्यात आले. बाई रजेवर होत्या. चौथ्यांदा पत्र नेले, तेव्हा खिडकी चारला पाच मिनिटे असतानाच बंद झाली होती. त्या दिवशी ठाण्याच्या गाडीत उभ्याने परतताना मला रडू आले, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी मी एक चूक केली, ती कोणी करू नये. मी बेल्जियमचे डिझायनर मार्टिन मार्जिएला यांचे नाव घेऊन, त्यांनी 1988 मध्ये पॅरिसमध्ये पहिले कलेक्शन दाखवले तेव्हापासून उघडी शिवण जगभर मान्य आहे, असे बरेच ऐकवले. गृहस्थांनी शांतपणे विचारले, “तीन धुण्यांनंतर हे किती उसवेल, ते सांगा.” मला सांगता आले नाही. राग आला होता, पण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर फलकावर मिळणार नव्हते.

मग लालबागच्या आमच्या शिंपीमास्तरांकडे गेले. “ताई, हे फाटलंय की फाडायचंय?” असे विचारून त्यांनी उपाय सांगितला. कडेपासून दोन सेंटिमीटर आत, बारीक टाक्याची मशीनची शिवण दोनदा मारायची आणि त्यानंतरच बाहेरचे आडवे धागे, म्हणजे बाणा, सुईने एकेक ओढून काढायचे. उभा ताणा झालरीसारखा लोंबत राहतो आणि उसवणे त्या शिवणीपाशी थांबते. बाणा थांबला आणि ताणा लोंबत राहिला, म्हणजे आजोबांच्या साच्यावर जे राहिले होते तेच माझ्या कडेला उतरले, हे मला त्यांच्या दुकानातच उमगले.

त्या कापडाची वीतभर पट्टी तीन वेळा धुऊन, प्रत्येक धुण्यानंतर मोजून, कागदावर चिकटवली. सोबत प्रत्येक पोशाखाचा शिवण-नकाशा काढला आणि कोणती कड मुद्दाम कच्ची आहे, हे त्यावर लाल रेघेने दाखवले. सहाव्या भेटीत शिक्का दहा मिनिटांत मिळाला. म्हणून जुने कापड उसवून काम करणाऱ्यांनी ही पट्टी पहिल्याच आठवड्यात तयार करावी. आणखी एक, जे आधी सांगायला हवे होते: उसवण्यापूर्वी शर्ट आणि कापण्यापूर्वी मांजरपाट धुऊन घ्यावे, कारण जुने शर्ट आणि कोरे मांजरपाट सारखे आटत नाहीत, माझी एक पाठ त्यामुळेच सुरकुतली. पत्राची एक प्रतही स्वतःजवळ ठेवावी. माझी मूळ प्रत त्या खिडकीतून परत आलीच नाही.

तक्ता मात्र आजही माझ्याकडे आहे. ‘सुटा धागा’ या रकान्यात लाल खूण तशीच आहे आणि तिच्यापुढे पेन्सिलीने, निराळ्या अक्षरात, ‘हेतुपुरस्सर’ असे लिहिले आहे.